सुध्याला पत्र, त्या शिफारशीच्या चिठ्ठीबद्दल परत एकदा

प्रिय सुध्या,

किती महिने झाले तुला धड काही लिहिलं नाही, फोनवर तुझं "हं, बोल, ऐकतोय" एवढंच होतं आणि मागे गाड्यांचे हॉर्न, म्हणून आज बसूनच लिहितोय. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, गुडघा आहे तसाच. आता मुद्द्याचं.

परवा वर्गात तो यादीचा प्रयोग घेतला, नॅन लिन आणि मेरी ड्यूमिन या समाजाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलेला. एकदम साधा आहे. मुलांना व्यवसायांची यादी द्यायची, वकील, डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, क्लार्क, ड्रायव्हर, गवंडी, सफाई कामगार वगैरे, आणि विचारायचं की यातल्या कोणाला तू ओळखतोस? म्हणजे अडल्यावर फोन करता येईल इतपत. टिक करायची, बस. किती वेगवेगळ्या थरातली माणसं ओळखीची आहेत आणि त्यातली सगळ्यात वरची कोण, यावरून पोच कुठवर आहे ते कळतं.

एका मुलीचा कागद मी घरी घेऊन आलोय. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. यादीच्या खालच्या भागात टिकाच टिका, ड्रायव्हर, गवंडी, शिंपी, आया. वकिलापुढे टिक केलेली, मग खोडलेली, आणि बाजूला बारीक अक्षरात: "मी ओळखते, पण ते मला ओळखत नाहीत. आई त्यांच्याकडे कामाला आहे."

हे मी घरात कोणाला सांगून उपयोग नव्हता रे. सगळे "अरेरे" म्हणाले असते.

तू आता म्हणशील, वरचे लोक दारं लावूनच बसलेत, आपला जुना वाद. (मिशीवरून हात फिरवतोयस ना? माहितीये मला.) मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो, कोणी दार लावत नाही, आणि म्हणूनच ते उघडणं इतकं अवघड आहे. केंब्रिजमधले समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट, प्रँडी आणि ब्लॅकबर्न, यांनी १९७० च्या दशकात लोकांना एवढंच विचारलं की तुमचे मित्र काय काम करतात. कोणता व्यवसाय वरचा, कोणता खालचा, हे आधी ठरवलंच नाही. ज्या व्यवसायांतली माणसं एकमेकांशी जास्त दोस्ती करतात ते जवळजवळ मांडले, करत नाहीत ते लांब, आणि त्या मांडणीतून समाजाची उतरंड आपोआप वर आली. पुढे हेच नवरा-बायकोच्या व्यवसायांवरून केलं गेलं. त्यात शेतकरी-शेतकरी असल्या जोड्या बाजूला काढाव्या लागतात, कारण ते कामानेच एकत्र येतात, त्यावरून दर्जा कळत नाही. म्हणजे बघ, कोणी कट केला नाही, लोकांनी फक्त मैत्री केली, प्रेमं केली, लग्नं केली, आणि भिंत उभी राहिली. मला या गोष्टीचा राग नक्की कुणावर काढायचा तेच कळत नाही, तुझं बरं होतं, तुझ्याकडे राग काढायला माणसं होती.

आणि एका वर्गात बसवलं की झालं, असंही नाही. २०२२ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि मंडळींनी अमेरिकेतल्या ७ कोटींवर लोकांच्या फेसबुक मैत्र्या तपासल्या. गरीब-श्रीमंतांत मैत्री कमी का, तर साधारण अर्धं कारण ते एका जागी येतच नाहीत हे, आणि उरलेलं अर्धं म्हणजे एका जागी येऊनही मैत्री होत नाही. ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. मागच्या बाकावर एका मोठ्या वकिलाचा मुलगा. वर्षभरात दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी पाहिलेलं नाही.

आमच्या मोठीचं बघ. तिला कधी चिठ्ठी लागलीच नाही. मावशी गप्पा मारता मारता म्हणाली, अगं आमच्या एका ओळखीच्याकडे जागा निघतायत, टाक अर्ज. झालं. मार्क होतेच, मुलाखतही तिनेच दिली, पण ती बातमी आली कुठून? ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ ला हेच दाखवलं होतं, ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती वरवरच्या ओळखीच्या माणसाकडून कळली होती, ज्याला वारंवार भेटतात त्याच्याकडून नाही. पण ती वरवरची ओळखसुद्धा कुठल्या थरातली हे बघायला नको का? या मुलीच्याही ओळखी भरपूर आहेत, पण त्यातल्या कोणाकडे ही बातमी येतच नाही.

आता चिठ्ठी. नानांनी तुझ्यासाठी लिहिलेली, तू परत त्यांच्या टेबलावर ठेवून गेलास, आणि मग आपण सहा महिने बोललो नाही. तू ती घ्यायला हवी होतीस हे माझं मत आजही तेच आहे. विजू लागला तेव्हा त्याच्यासाठी त्याचे काका नुसतं जेवताना बोलले होते, त्याला कोणी उपकार म्हटलं नाही. तुला मात्र तीच गोष्ट कागदावर, सहीसकट, हात पुढे करून घ्यावी लागणार होती. तुला ते लागलं, कळतं मला, पण त्यापायी चार वर्षं घालवायची?

माझ्या ओळखीत एक वकीलबाई आहेत, त्यांना उन्हाळ्यात मदतनीस हवी असते. या मुलीला लॉ करायचंय. मी एक फोन केला तर काम होईल. पण ती तुझ्यासारखी आहे, मान वर करून उत्तर देणारी. नाही म्हणाली तर मी काय बोलू? तिला हे उपकार न वाटता कसं सांगायचं, ते तूच सांगू शकतोस, कारण त्या कॉलेजात नानांच्या टेबलाच्या त्या बाजूला तू उभा होतास. मला वाटतं वकीलबाईंनाच वर्गात बोलवावं, सगळ्यांसमोर बोलू द्यावं आणि मग ओळख आपोआप होऊ द्यावी. की हेही तुला नाटक वाटतं?

बाकी तुझा नवा गाळा कसा चाललाय, धाकटीची परीक्षा झाली का, वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? विजू सांगत होता तू आता दोन मुलं कामाला ठेवलीस, छान. काकींना नमस्कार सांग.

महिनाअखेरीच्या आत कळव, वकीलबाई त्यानंतर दुसरं कोणीतरी घेतील. आणि "बघू" असं एका शब्दाचं उत्तर पाठवलंस तर मी सरळ गाळ्यावर येऊन बसेन.

तुझा,
बंड्या