बेळगाव-शहापूरच्या अण्णांना, त्या ‘टक्’बद्दल

प्रिय अण्णा,
स. न. वि. वि.

दुकानात आभार मानायला आलं की तुम्ही मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचा मिक्सर उघडायला घेता. म्हणून आमचा बंद पडलेला जुना रेडिओ-सेट पुन्हा बोलका केल्याबद्दल हे जाहीर पत्र. शिवाय खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच घरांत असे जुने सेट माळ्यावर पडून आहेत. ते भंगारात घालायच्या आधी कुणीतरी हे वाचलं तर बरं.

आमचा स्टीरिओ रिसीव्हर १९७० च्या दशकातला, जपानी. मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेला. डायलचे दिवे लागायचे, सुई सरकायची, पण आवाज बंद. तुमच्याकडे यायच्या आधी जिथे दाखवला तिथे एकानं सगळे कंडेन्सर बदलायला सांगितले, तर दुसरा म्हणाला, आतलं सगळं काढू आणि ब्लूटूथचा बोर्ड बसवू. हे ऐकल्यावर आई म्हणाली, “सेट घरी आण, बंद असला तरी चालेल.”

तुम्ही झाकणाला हात लावायच्या आधीच विचारलंत, “चालू केल्यावर थोड्या वेळानं टक् म्हणतोय काय?” म्हणत नव्हता. मग तुम्ही सेट थेट लाइनवर न लावता सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून लावलात. १०० वॅटचा तो तारेचा बल्ब तुम्ही जपून ठेवलाय, आता तसले मिळायचे वांधे. बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मंद झाला. वीज साठवणारे मोठे फिल्टर कंडेन्सर भरून घेतात तेवढा वेळ तो पेटणारच; आत शॉर्ट असता तर तसाच पेटून राहिला असता आणि सेट मात्र जळण्यापासून वाचला असता. तुम्ही म्हणालात, “शॉर्ट नाही. आता सावकाश बघूया की.”

त्या ‘सावकाश’साठीच हे पत्र. रिले म्हणजे स्पीकर जोडणारा आतला स्विच, तो लागला की टक् होतो. त्याच्या अलीकडे दोन्ही चॅनलचं डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, तुम्ही मोजलंत. तिथे ते जवळजवळ शून्य हवं, इकडे-तिकडे थोडे मिलिव्होल्ट चालतात. उजवीकडे तसंच होतं. डावीकडे मीटर दोन व्होल्टच्या वर गेला. तो डीसी स्पीकरच्या कॉइलमध्ये शिरून ती तापू नये, म्हणून प्रोटेक्शनचं सर्किट रिले लागूच देत नव्हतं. मी विचारलं, रिले बदलायचा का? तुमचं उत्तर मी घरी सगळ्यांना सांगितलंय : “वॉचमन चोराला आत सोडत नाही म्हणून वॉचमनला काढायचं काय?”

दोष निघाला डाव्या चॅनलच्या इनपुटला असणाऱ्या जोडीतल्या एका बारक्या ट्रान्झिस्टरमध्ये. त्या काळच्या ए७२६ या ट्रान्झिस्टरची बदनामी मीही वाचली होती, पण तुम्ही नंबर बघून निकाल दिला नाहीत, मोजून दिलात. बदली केएसए९९२ घातलेत, तेही मूठभर नगांतून गेन (सिग्नल वाढवायची ताकद) जुळणारे दोन वेचून, कारण जोडीतला एकच बदलला तर तोल पुन्हा जातो. उजवा चॅनल ठणठणीत होता, त्याला हातही लावला नाहीत. हे मला फार आवडलं. बदलायचा मोह होतोच, आणि बिलही वाढतं. नंतर सेट तापू दिलात, चहा झाला, मग एमिटरच्या रेझिस्टन्सवरचे मिलिव्होल्ट बघत प्रीसेटचा बारका स्क्रू किंचित फिरवून बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा प्रवाह, लावलात. पुढच्या वेळी सेट चालू केला आणि काही सेकंदांनी टक्! तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत.

मागच्या दोन स्विचांबद्दलही आभार. व्होल्टेजचा स्विच २२० वरून २४० वर नेलात, कारण आमच्याकडे रात्री लाइन चढते. दुसरा एफएमचे तीक्ष्ण स्वर किती दाबायचे ते ठरवणारा, तो अमेरिकेच्या हिशेबानं ७५ मायक्रोसेकंदांवर होता. आपल्याकडचं प्रसारण ५० चं. म्हणजे इतकी वर्षं ‘स’ आणि ‘श’ बोथट ऐकू यायचे तो दोष निवेदिकेचा नव्हताच.

मीडियम वेव्हवर बाबा बातम्यांना १२५१ वर सांगली लावायचे आणि गाण्याला ७६५ वर धारवाड. भाषेचा वाद आमच्या डायलवर कधी झाला नाही. आता तिथे गुणगुण फार येते, पण तुम्ही म्हणालात तसे घरातले एलईडी दिवे बंद केले की निम्मी जाते.

फोनोची, म्हणजे टर्नटेबलच्या जोडणीची, चाचणी घ्यायला मी कुमार गंधर्वांची तबकडी आणली होती. ‘हम्म’ असा घुमणारा आवाज येत होता. तुम्ही टर्नटेबलची अर्थची तार स्क्रूखाली आवळलीत आणि तो गेला. मग दोन्ही बाजूंनी आवाज आला, तेव्हा तुम्ही कानडीत शेजाऱ्याला हाक मारून सांगितलंत की हे आपल्या सुळेभावीचे (बेळगावजवळचं कुमारांचं जन्मगाव). तिथून पुढे दुकानात काम झालं नाही, गिऱ्हाईकंही उभीच राहिली.

काढलेला ट्रान्झिस्टर आणि मोजमापांचा कागद तुम्ही पुडीत घालून दिलात, तो झाकणाच्या आत चिकटवलाय. पुढे कुणी उघडलं तर त्याला सुरुवातीपासून शोधावं लागणार नाही.

सर्किटची मोठी प्रत तुम्हाला हवी होती, छोटे आकडे दिसत नाहीत म्हणून. ती छापून घेतली आहे. शनिवारी बेळगावला येणाऱ्या भावाकडे देतो. त्याच्यासोबत शेजाऱ्यांचा कॅसेट डेकही येतोय, त्याचा बेल्ट वितळलाय. घाई अजिबात नाही.

तुमचा,
खानापूरचा रिसीव्हरवाला