पूर्व भागातल्या बायका ‘काम करीत नाहीत’?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सोलापूरचे पाच रंगीत नकाशे काल चहा थंड होईपर्यंत पाहत बसले. नकाशे देखणे आहेत, हे आधीच मान्य करून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला मी मोकळी. तिसऱ्या नकाशात ‘काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण’ दाखवताना साखर पेठेपासून अशोक चौक, कुचन नगरपर्यंतचा सारा पूर्व भाग आपण इतका फिकट रंगवला आहे की ताकही त्यापेक्षा दाट दिसावे, आणि त्याखाली ‘येथील स्त्रिया अद्याप घरापुरत्याच मर्यादित’ असा निष्कर्षही ठोकून दिला आहे. त्या घरात असतात हे अगदी खरे आहे. मात्र घरात बसून त्या काय करतात, हे विचारायला आपल्या प्रतिनिधीने एखाद्या दुपारी त्या बाजूला चक्कर मारली असती, तर दारोदारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका त्यांना नकाशाशिवायही दिसल्या असत्या.

हे मी अधिकाराने लिहिते, कारण असला फिकट रंग कसा तयार होतो हे मी स्वतः केलेल्या चुकीमुळे जाणते. 2001 च्या जनगणनेत, फेब्रुवारीच्या त्या तीन आठवड्यांत, शाळा सांभाळून मी पूर्व भागात प्रगणक म्हणून घरोघर फिरत होते. हाताने काढलेला नजरी नकाशा, दारांवर रंगवलेले घरक्रमांक आणि काखेत अनुसूचींचा, म्हणजे छापील प्रश्नपत्रकांचा, गठ्ठा, एवढाच आमचा सरंजाम. वर्षभरात कोणत्याही वेळी काम केले आहे काय, असा प्रश्न प्रत्येकासाठी होता. घरातील पुरुष स्वतःपुरते ‘यंत्रमाग’ म्हणून सांगत आणि पत्नीविषयी विचारले की ‘ती घरीच असते’ असे उत्तर देत. तो पुरुष नसेल तर सासू तेलुगूत ‘पनि लेदु’ म्हणून मोकळी होत असे. मीही पहिले दोन दिवस मुकाट्याने ‘काम करीत नाही’ असे लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी एका खोलीत, नवरा माझ्याशी बोलत असताना, ‘काम नसलेली’ ती बाई माझ्यासमोरच तेंदूचे पान कात्रीने कापून, त्यात तंबाखू भरून, धागा गुंडाळत होती, आणि मान वर न करता तिने मला विचारले, ‘बाई, हे मग काय आहे?’ मला त्या वेळी उत्तर सुचले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही सुचत नाही.

त्या घरापासून पुढे मी प्रश्न बदलला. ‘काम करता का’ असे न विचारता ‘दिवसाला किती विड्या होतात’ असे विचारू लागले, आणि तीच घरे, तीच माणसे भराभर उत्तरे देऊ लागली. त्यातही पुन्हा घोळ होताच. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम असेल तरच ‘मुख्य’ काम करणारी, नाहीतर ‘सीमांतिक’. आणि कारखान्यातून पाने कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, मग बाईने दिवस मोजायचे ते कसे? पहिल्या दोन दिवसांच्या घरी परत जाऊन नोंदी दुरुस्त करू का, असे मी पर्यवेक्षकांना विचारले, तेव्हा ‘बेरजा जुळल्या आहेत, आता खाडाखोड नको’ असे उत्तर मिळाले. बेरजा खरोखरच जुळल्या होत्या. आपला नकाशा 2011 च्या आकड्यांवर आधारलेला आहे आणि त्या वर्षी मी प्रगणक नव्हते. परंतु दहा वर्षांत नवऱ्यांची आणि सासवांची उत्तरे फार बदलली असतील, यावर माझा विश्वास नाही.

नकाशाविषयीच बोलायचे, तर कोणत्या रंगाचा अर्थ काय हे सांगणारी सूचीची चौकट आपण उजव्या कोपऱ्यात, खाली, जागा मोकळी आहे असे समजून छापली आहे. संपादक महोदय, ती जागा मोकळी नाही, तिथे कुंभारी आहे. विडी कामगार महिलांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे 2006 साली तिथे झाली, त्यानंतर रे नगरची तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि त्यांपैकी पंधरा हजार घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, त्या दिवशी आपल्याच अंकात त्याची बातमी पहिल्या पानावर होती. ही घरे दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, म्हणून ती ‘सोलापूर’ नाहीत, असे आपल्या नकाशाचे म्हणणे दिसते. तिथली माणसे रोजीरोटीला, दवाखान्याला आणि बाजाराला मात्र शहरातच येतात. गंमत अशी की 2011 साली रे नगर नसल्यामुळे यांतील कित्येक कुटुंबे शहरातील भाड्याच्या खोल्यांत मोजली गेली असणार, म्हणजे त्या वर्षीच्या शहराच्या लोकसंख्येच्या 9,51,558 या आकड्यात ती अजूनही पूर्व भागातच राहतात. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्या, अडुसष्ट लिंगांना वळसा घालून येतात, तो नकाशा आपल्याकडे कितीतरी जुना आहे. तो आखणाऱ्यांनी निदान कुठल्या लिंगावर चौकट ठेवली नव्हती.

त्याच पुरवणीतील लोकसंख्यावाढीच्या आलेखाबद्दल थोडक्यात. 1991 ते 2001 या काळात शहर 44 टक्क्यांनी वाढले आणि पुढील दशकात जेमतेम 9 टक्क्यांनी, यावरून नव्वदचे दशक हे ‘सोलापूरच्या भरभराटीचे’ ठरवण्याआधी 1992 ची हद्दवाढ आठवायला हवी होती. बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी अशी गावे आत आली आणि सुमारे 33 चौरस किलोमीटरचे शहर एका आदेशाने 178.57 चौरस किलोमीटरचे झाले. त्या गावांतील माणसे कुठूनही आली नव्हती, ती होती तिथेच होती. भरभराट म्हणावी तर याच दशकात लक्ष्मी-विष्णू कापड गिरणीचा भोंगा कायमचा थांबला. सरासरी घनतेचेही तेच: पेठांतील बोळ आणि हद्दवाढ भागातील ज्वारीची राने एकत्र भागून जो आकडा येतो, त्यात राहणारा माणूस मला तरी कुठे भेटलेला नाही.

आता फेब्रुवारी 2027 मध्ये पुन्हा शिरगणती आहे. या खेपेला कागद नसेल, प्रगणकाच्या हाती मोबाईल असेल, इमारतींची ठिकाणे उपग्रहाच्या मदतीने अचूक टिपली जातील आणि ज्यांना हवे त्यांना स्वतःची माहिती स्वतःच भरता येईल. माझी शंका एवढीच आहे की घरातला मोबाईल कोणाच्या खिशात असतो? तो खिशातून काढून, शेजारी सूप घेऊन बसलेल्या बायकोच्या नावापुढे कोण काय भरणार, हे मला आत्ताच दिसते आहे. प्रगणकांचे प्रशिक्षण होईल तेव्हा ‘दिवसाला किती विड्या होतात’ हा प्रश्न कोणीतरी फळ्यावर लिहावा, यासाठी आपल्या वृत्तपत्राने दोन रकाने खर्च केले, तर पाच रंगांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

जाता जाता एक व्यक्तिगत बाब. मागील वर्षी नळाच्या पाण्याच्या वेळापत्रकाबद्दलचे माझे पत्र आपण छापले, त्याबद्दल आभारी आहे. मात्र मी पत्राखाली व्यवसाय लिहिला नव्हता, तरी आपल्या कार्यालयाने ‘एक गृहिणी, सोलापूर’ अशी भर स्वतःहून घातली होती. मी एकतीस वर्षे शाळेत शिकवले असून निवृत्तिवेतनावर जगते. या खेपेला व्यवसाय मीच खाली लिहीत आहे. कृपया तो जसाच्या तसा छापावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका आणि 2001 ची माजी प्रगणक,
जुळे सोलापूर