मॅच संपल्यावरचा अर्धा तास: मॅनेजर ताईंना अनावृत आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

इथे नेदरलँड्समधल्या आम्स्टलवेनमध्ये मुलांना हॉकीला घालणाऱ्या मराठी पालकांना स्टिक कोणत्या मापाची घ्यायची हे दुकानदारही सांगतो. शेवटची शिटी वाजल्यावर काय करायचं, हे मात्र तुम्ही शिकवलंत. नवीन येणाऱ्यांनाही कळावं, म्हणून हे आभार उघडपणे.

इथले लोक त्या वेळेला ‘तिसरा हाफ’ म्हणतात. त्यातला तुमचा पहिला नियम गोलकीपरचा. पायांवर पॅड आणि बुटांवर जाड किकर घातलेलं ते पोर डुलत डुलत येईपर्यंत हात मिळवायची रांग अर्धी मोडलेली असते, आणि पाच गोल खाल्लेल्याशी हात मिळवायला कुणी उरतच नाही. म्हणून कीपर पोचल्याशिवाय रांग हलवायची नाही. त्याचं हेल्मेट आणि उजवा ग्लोव्ह काढायला एक मोठं माणूस जवळ हवं. बाकीच्यांची स्टिक डाव्या हातात, माउथगार्ड डबीत. डबीतच, कारण तो टेबलावर राहिला की पुढच्या शनिवारी शोधाशोध ठरलेली. शेवटी दोन्ही अंपायर. तेही कुणाचे तरी आईबाबाच असतात, परीक्षा देऊन शिटी हाती घेतलेले. पेनल्टी कॉर्नर चुकीचा दिला असं वाटलं तरी हात मिळवायचाच.

मग सरबत. ते यजमान टीमनं द्यायचं. दोन्हीकडची मिळून 32 मुलं धरली, तर 200 मिलिलिटरच्या पेल्यानं साडेसहा लिटर लागतं. एक भाग सिरपला सहा भाग पाणी, म्हणजे सिरप 900 मिलिलिटरच्या वर. लिटरभराची एक बाटली पुरते. सरबताचे जग मॅच संपायच्या दहा मिनिटं आधीच क्लबच्या बारवरून आणून ठेवायचे. उशीर झाला की शेजारच्या मैदानावरची टीम ते घेऊन जाते आणि पाहुणी पोरं कोरड्या घशानं गाडीत बसतात. असं झालेलं पाहुणे विसरत नाहीत, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. पाहुण्या कोचला कॉफी विचारायची, तीही सरबत मांडायच्या आधी.

साइडलाइनचं सांगणं सगळ्यात अवघड होतं. आपलं “अरे, मार ना!” समोरच्या पालकांना भांडणासारखं ऐकू येतं. तुम्ही आवाज बंद करायला सांगितला नाहीत. समोरच्यांच्या चांगल्या गोललाही टाळ्या वाजवायला सांगितल्यात. सुट्टीला आलेल्या आजोबांचं तर वेगळंच. 1973 च्या वर्ल्ड कपची फायनल इथल्याच वाखेनर स्टेडियमवर झाली. 2-2 अशा बरोबरीनंतर आपण पेनल्टी स्ट्रोकवर नेदरलँड्सकडून हरलो, आणि तो हिशेब त्यांचा अजून चालूच आहे! त्यांची खुर्ची मुद्दाम समोरच्या टीमच्या आजोबांशेजारी मांडायची तुमची युक्ती बिनतोड आहे. दोघांनाही ती मॅच पाठ असते.

पुढच्या सीझनला मॅनेजरचं काम आमच्यापैकी दोघं घेतोय. डिजिटल मॅच फॉर्म कसा भरायचा आणि बारवर जगांसाठी कुणाला गाठायचं, तेवढं या शनिवारी दाखवा. त्या दिवशी सरबत आम्ही करू, तुम्ही बसा.

आपल्या टीमचे मराठी पालक