चिऊच्या पट्टीबद्दल

चि. बाळ्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, डोळ्याला पट्टी लावली की फार रडते गं चिऊ. महिनाभर राहू दे, नको लावायला, मग बघू." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. रात्री काही केल्या डोळा लागेना. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच चिऊ फोन ओढते, मध्येच तुझी कंपनीची बस येते. म्हणून लिहायला बसले.

"महिनाभर राहू दे" हे मी १९९९ साली म्हणाले होते, तुझ्या बाबतीत. तुला यातलं अर्धंच माहीत आहे.

तू पहिलीत होतास. श्रावणात तुझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली, डोळा सुजून बंद झाला आणि तू चक्क उंबऱ्याला अडखळलास. ताटातली पोळी चाचपडायला लागलास. मला वाटलं ताप चढलाय. यांनी तुझ्यासमोर बोटं धरली, किती ते तुला सांगता येईना. तोवर सहा वर्षं कुणाला काही कळलं नव्हतं. डोळे सरळ, तिरळेपणा नाही, पाटीवर अक्षर सुबक. उजवा डोळा सगळं ओढत होता, डावा नुसता बरोबर होता.

साताऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं, हा आळशी डोळा, डाव्याला साडेपाच नंबर, उजव्याला जवळजवळ नाहीच. चष्मा लावा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. तेव्हा असंच सांगायचे. आता विचार कर, ज्या डोळ्याला फळाही दिसत नाही तो उघडा ठेवून पोराला वर्गात बसवायचं. तुझं गणित चुकायला लागलं. पोरं "काण्या" म्हणायची. गुरुजींनी पुढं बसवायच्या ऐवजी भिंतीकडं बसवलं. घरी आजी म्हणायच्या, चांगला डोळा बांधून ठेवलाय, तो पण जाईल. तू पट्टी काढून दप्तरात कोंबायचास आणि मला ते दिसायचं. मी काही बोलायची नाही.

आणि दिवाळीनंतर मामाचं लग्न आलं. फोटो काढायच्या वेळी मीच तुझा चष्मा उतरवला, पट्टी सोडवली आणि पदरानं तोंड पुसलं. चार लोकांत पोरगं चांगलं दिसावं म्हणून. लग्न झालं, पाहुणे गेले, यांनी विचारलं, "पट्टीचं काय?" मी म्हटलं, महिनाभर राहू दे. तो महिना काही संपला नाही. पट्टीबरोबर चष्माही डब्यात गेला.

२०१२ साली भरतीला पळण्यात तू पहिल्या दहांत आलास. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजींची गावं, फौजेत जाणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. डोळ्याच्या तक्त्यापाशी तुला बाहेर काढलं. घरी येऊन तू म्हणालास, "माझ्या नशिबात नव्हतं." मी पाणी दिलं. नशिबाचा काही संबंध नव्हता हे त्या दिवशी सांगायला हवं होतं, ते आज सांगतेय.

अंगणवाडीत लागल्यावर मला यातलं थोडंफार कळायला लागलं. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरहून सुरू झाला, तेव्हापासून वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक आमच्याकडं येतं. त्यांतल्या एका मॅडमना मी एकदा गाठून बसवलं. त्या म्हणाल्या, आळशी डोळा हे नाव चुकीचं आहे, डोळा बिचारा काम करायला तयार असतो, मेंदू त्याचं ऐकत नाही. मला ते आमच्या घरच्या दोन दिरांसारखं वाटलं. एक कामसू निघाला की सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, दुसऱ्याला कुणी हाकच मारत नाही, आणि मग दुसऱ्याला खरंच काही येत नाही. पट्टी म्हणजे कामसू भावाला दोन तास बाहेर पाठवणं.

ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा शिवून ठेवला होता. नंतर टाके काढले तरी त्या डोळ्याकडून येणारं मेंदू धड घेईना, कारण तिथली जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावली होती. हेच मोठ्या मांजराला केलं तर काही फरक पडत नाही. १९८१ ला त्यांना नोबेल मिळालं. मला आधी त्या पिलांचीच दया आली, पण लहानपणीच का घाई करायची ते तिथं समजलं.

म्हणूनच चिऊ साडेतीन वर्षांची झाल्यावर मी तुमच्या मागं लागले. बापाला आहे तर लेकीला तपासलंच पाहिजे. तुम्ही वैतागलात, तीन दिवस डोळ्यांत मलम घालून बाहुल्या मोठ्या करून नंबर काढावा लागला, पण निघालाच ना डाव्याला साडेचार! आणि बघ, नुसत्या चष्म्यानं चार महिन्यांत ती चित्रांच्या तक्त्यावर ६/३६ वरून ६/१८ वर आली. खालचा आकडा जितका लहान तितकी नजर चांगली, ६/६ म्हणजे पूर्ण. चष्मा हेच अर्धं औषध आहे. काही मुलांचं तर तेवढ्यावरच भागतं, पट्टी लागतच नाही. चिऊला लागतेय, पण दिवसाला दोन तास. अमेरिकेत २००३ साली मुलांचे दोन गट करून पाहिलं, चिऊइतका मध्यम कमजोर डोळा असला तर दोन तास आणि सहा तास, दोन्हीचा गुण सारखाच आला. तुझ्या वाट्याला दिवसभराची शिक्षा होती, तिला सिरियलच्या चार भागांएवढी. तीही घरात, शाळेत नाही.

आता सूनबाईला नीट वाचून दाखव. पट्टी उजव्या डोळ्यावर, चांगल्या. चष्म्याच्या काचेवर कापड लावलंत तर ती वरून बघणार, तू बघायचास. चिकटपट्टीवालीच कातडीला लावा आणि वरून चष्मा. काढताना कडेला खोबरेल तेल लावा म्हणजे ओरबाडत नाही. पट्टी लावून नुसतं बसवू नका. मटकी-मूग वेगळे करायला द्या, मणी ओवायला द्या, रांगोळीचे ठिपके जोडू द्या. नाहीच ऐकलं तर कार्टून लावा, तेही चालतं.

ती रडते तेव्हा हट्ट करते असं समजू नका. मी परवा जुन्या चष्म्याच्या उजव्या काचेला कागद लावला, डावीला व्हॅसलीन फासलं आणि तांदूळ निवडायला बसले. दहा मिनिटांत चिडले. हे म्हणाले, तुझ्यापुढं चिऊ बरी. पहिले पंधरा दिवस तसंच जातं. मग तो डोळा जरा सुधारला की रडणं आपोआप कमी होतं, म्हणून सुरुवातीलाच सोडणं सगळ्यात वाईट.

सूनबाई थेंबांचं विचारत होती. ॲट्रोपिनचे थेंब चांगल्या डोळ्यात घालून तो धूसर करतात, त्याचाही गुण पट्टीसारखा येतो असं दिसलंय. पण उन्हात डोळे दिपतात, आणि बाटली पोराच्या हाती लागली तर विषच. ते डॉक्टरांना विचारूनच. तपासणीची तारीख मात्र चुकवायची नाही, पट्टी जास्त झाली तर क्वचित चांगला डोळाही मागं पडतो. आणि ६/६ आलं म्हणून आनंदात एकदम बंद करू नका. थांबवल्यावर वर्षभरात चारांतल्या एखाद्या मुलाचा डोळा पुन्हा घसरतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तेव्हा सांगायचे की सात-आठ वर्षांनंतर काही उपयोग नाही. २००५ च्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांना पट्टी, थेंब आणि चष्म्यानं फरक पडला. म्हणजे तू पाचवीत असतानाही मला तो डबा उघडता आला असता.

आता बत्तिशीत तुझा डावा डोळा फारसा सुधारणार नाही. म्हणून उजवा जप. कारखान्यात सगळे गॉगल कपाळावर चढवून फिरतात, तू फिरायचं नाही. नंबर नसला तरी न फुटणाऱ्या काचेचा, पॉलिकार्बोनेटचा चष्मा करून घे आणि रोज घाल. चिऊलाही दिसेल की बाबांनाही चष्मा आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते, आठ दिवस राहीन. पट्टीवर चिकटवायला फुलपाखरांचे स्टिकर घेतलेत. तोवर चिऊचा चष्मा आणि पट्टी लावलेला एक फोटो काढून ठेव, मोठा करून आणायचा. मामाच्या लग्नातल्या फोटोशेजारी लावायचाय. यांनी खिळा ठोकून ठेवलाय.

तुझी,
आई