पार्किंगच्या भिंतींना वारा लागू द्या

संपादक महोदय,

घोडबंदर रस्त्यावर नव्या टॉवरकडे मान वर करून पाहिले, तर घरांच्या आधी गाड्या दिसतात. खालचे सहा-सात, कुठे दहा मजले पोडियम पार्किंगचे. नियमाने लागणारे पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येते त्या मर्यादेत, धरत नाहीत, म्हणून बिल्डर मजल्यावर मजले चढवतो आणि दर्शनी बाजूला राखाडी जाळी ठोकून मोकळा होतो. रस्त्याने चालणाऱ्याला या टॉवरचे जे काही दिसते ते एवढेच. मग गेटापाशी फायबरचे हरीण नाहीतर ‘आय लव्ह’ची लाल अक्षरे बसवली की झाले सुशोभीकरण!

अशाच भिंतींचे इतरत्र काय झाले पाहा. नेड कान या अमेरिकी कलाकाराने 2000 साली शार्लट शहरातल्या सहा मजली पार्किंगच्या दर्शनी बाजूवर ॲल्युमिनियमचे 80 हजार छोटे पत्रे टांगले. पुढे ब्रिस्बेन विमानतळाच्या वाहनतळावर असे लाखाहून अधिक पत्रे लागले. प्रत्येक पत्रा फक्त वरच्या कडेला अडकवलेला, खालून मोकळा. ना मोटर, ना वीज. झुळूक आली की जोंधळ्याच्या शेतातून वारा जावा तशी अख्खी भिंत सळसळते. पत्र्यांमधल्या फटींतून हवा खेळती राहते, गाड्यांचा धूर आत कोंडत नाही आणि सावलीही मिळते. सिंगापूरच्या मरिना बे सँड्स हॉटेलच्या पश्चिमेकडच्या काचभिंतीवर नेड कानचेच काम आहे. तिथे ते दुपारचे ऊन अडवते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तर आपल्यालाही फुकट मिळतो.

यात भारताचाही एक धागा आहे. जॅनेट एकेलमन ही अमेरिकी चित्रकार 1997 मध्ये महाबलीपुरमला आली, तिचे रंग वेळेवर पोहोचलेच नाहीत, आणि किनाऱ्यावरची कोळ्यांची जाळी पाहून तिला वाऱ्यावर डोलणाऱ्या शिल्पांची कल्पना सुचली. 2005 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोजवळ एका वाहतूक बेटावर तिचे असे प्रचंड जाळे उभे राहिले. आपल्या वाहतूक बेटांवर काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

घाटकोपरला 13 मे 2024 रोजी होर्डिंग कोसळून 17 जण गेले. त्यानंतर ‘उंचावर पत्रे टांगा’ म्हटले की अंगावर काटा येणारच. पण होर्डिंग म्हणजे सलग पत्रा. तो वाऱ्याला छाती देऊन उभा असतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यावरचा दाब चौपट होतो. मोकळा टांगलेला पत्रा मान तुकवतो, वारा पुढे जातो. तरी त्याला धरणारी चौकट भक्कम हवीच. मुंबईत बांधकामासाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. चौकटीचे गणित त्याच हिशेबाने व्हावे.

मला खरी धास्ती आहे ती देखभालीची. आमच्या संकुलाच्या गेटावर बिल्डरने वाऱ्यावर फिरणारे स्टीलचे फूल बसवले होते. दुसऱ्या पावसाळ्यात खाडीच्या हवेने बेअरिंग गंजले आणि ते रात्रभर किरकिरू लागले. वंगण घालायचे कोणी, बिल्डरने की सोसायटीने, यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या. सध्या त्याच्या पाकळ्या नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेल्या आहेत आणि दोरीवर पहारेकऱ्याचा रेनकोट वाळतो.

मँचेस्टरमधले ‘बी ऑफ द बँग’ हे 56 मीटर उंच शिल्प वाऱ्यावर हलण्यासाठी केलेले नव्हते. पण 2005 मध्ये उद्घाटनाआधीच त्याच्या एका पोलादी सुळक्याचे टोक निखळले आणि 2009 मध्ये ते उतरवावे लागले. तिथली पालिका कोर्टात गेली आणि तडजोडीत तिला 17 लाख पौंड मिळाले, कारण जबाबदारी कोणाची हे कागदावर होते. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिलेखेरीज कागदावर काय असते?

म्हणून बांधकाम परवानगी देतानाच पार्किंगच्या दर्शनी बाजूचा आराखडा मागावा. त्यावर असे काम करणाऱ्या बिल्डरकडून दहा वर्षांच्या देखभालीची अनामत घ्यावी, म्हणजे कन्व्हेयन्स झाल्यावर (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर आल्यावर) सोसायटीच्या गळ्यात घोंगडे पडणार नाही. दरवर्षी जूनपूर्वी तपासणी सक्तीची करावी. आणि महापालिकेने आधी स्वतःच्या एखाद्या बहुमजली वाहनतळाची पश्चिमेकडची एकच बाजू घेऊन हा प्रयोग करावा. ती बाजू दोन पावसाळे टिकली, तर बिल्डरांना सांगायला तोंड राहील.

– एक वाचक, ठाणे (प.)