आठात या, मग पाठवू! केंद्रीय क्रीडामंत्र्यांना एका निवृत्त पीटीच्या बाईंचं खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी आमच्या गावातल्या बास्केटबॉल कोर्टाचे दोन्ही पोल गॅस कटरने कापले. एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मांडव घालायचा होता आणि पोल मध्ये येत होते. मांडवाच्या खांबांसाठी सिमेंटमध्ये खड्डे पाडले. मंगळवारी मांडव गेला, खड्डे राहिले. मी टेप आणि वही घेऊन गेले. 28 बाय 15 मीटरच्या कोर्टात 23 खड्डे, त्यातले नऊ रिंगखालीच. बुधवारी पहाटे साडेपाचला माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुली नेहमीसारख्या आल्या. रिंग नाही तर नाही, ड्रिबलिंग तरी करू म्हणाल्या. माझी पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा डाव चालवणारी मुलगी, मागे बघत पळाली आणि तिचा पाय एका खड्ड्यात गेला. गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय. वय 17. महिन्यावर राज्याची ट्रायल होती.

आपण म्हणाल, बाई, याचा दिल्लीशी काय संबंध? आहे, साहेब. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलवर आपल्या खात्याचे ते निकष पुन्हा वाचत होते. सप्टेंबर 2026 मध्ये जपानला आइची-नागोयाची आशियाई स्पर्धा आहे, आणि सांघिक खेळाचा संघ आशियात पहिल्या आठात असेल तरच पाठवायचा, असं आपलं ठरलंय. बास्केटबॉलमध्ये आपण आठात नाही. न पुरुष, न महिला. म्हणजे विषय संपला.

आमच्याकडे म्हण आहे: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. आपला निकष तंतोतंत तसाच आहे. बास्केटबॉलच्या जागतिक क्रमवारीत गुण मिळतात ते मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय सामने खेळून. घरी बसून मिळत नाहीत, अर्ज करून मिळत नाहीत, कोनशिला बसवून तर मुळीच मिळत नाहीत.

कोनशिलेचं सांगायचं राहिलं. आमच्या गावाला लाकडी कोर्टाचा इनडोअर हॉल मंजूर झालाय, हे ऐकून आपल्याला आनंद होईल. 2019 च्या निवडणुकीआधी नारळ फुटला. हॉल नाही, पण काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे, पाच नावांची. बरोबर खांद्याएवढी उंच आहे, म्हणून माझ्या मुली तिला डिफेंडर समजून चकवायचा सराव करतात. शासनाच्या पैशाचा एवढा चोख उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

खेळायला मिळालं की काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. जुलै 2017 मध्ये महिलांचा आशिया चषक बेंगळुरूला कंठीरवा इनडोअर स्टेडियममध्ये होता. आठ मुलींना घेऊन मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने गेले. भाकऱ्या, चटणी, दोन डझन केळी आणि प्रत्येक पालकाचं सहीचं पत्र. वर्गणी कमी पडली ती माझ्या भिशीच्या पैशांतून घातली, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. आता कळेल. त्या स्टेडियममध्ये ब गटाच्या, म्हणजे खालच्या पायरीच्या, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. दोन गुणांनी! कर्णधार अनिता पॉलदुराई, लेकरू झाल्यावर परत मैदानात उतरलेली बाई. संघात आमच्या पुण्याची शिरीन लिमये, जी पुढे भारताची कर्णधार झाली. माझ्यातली एक मुलगी एवढी ओरडली की परतीच्या गाडीत तिला बोलता येत नव्हतं. त्या विजयाने आपण वरच्या पायरीला, अ गटात गेलो.

त्याच मुक्कामात जपानच्या मुलींना ऑस्ट्रेलियाला एका गुणाने हरवताना बघितलं, 74-73. या जपानी मुली उंचीने आपल्यापेक्षा फार नव्हत्या. पण सामन्याआधीचा त्यांचा सराव बघताना माझ्या मुलींनी केळी खायची थांबवली. एकीचा हात खाली येतोय तोवर दुसरीचा वर गेलेला, आणि जाळीचा तेवढा आवाज. 2019 मध्ये स्पर्धा पुन्हा बेंगळुरूलाच होती. ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर येऊन गेलेला, घराच्या भिंतींची ओल वाळली नव्हती, तरी मी एकटी गेले. घरच्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आपला संघ आठांत आठवा आला. जपान पुन्हा जिंकला, आणि दोनच वर्षांनी टोकियो ऑलिम्पिकमध्ये याच जपानी मुलींनी रौप्यपदक घेतलं. आशियाच्या चषकात त्यांच्याशी खेळून हरण्याचं भाग्य तरी आमच्या मुलींच्या वाट्याला आलं होतं. आपल्या निकषात ते भाग्यही कापलं जातं, गॅस कटरने.

आणि एक गंमत सांगते. 2021 मध्ये अम्मानच्या आशिया चषकात आपल्या मुली आठांत पुन्हा आठव्या आल्या, सगळे सामने हरून. पण आठवे म्हणजे आठातच की! 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेला महिलांचा नेहमीचा, मैदानात पाच जणी उतरतात तो संघ गेला. काय केलं त्यांनी? इंडोनेशियाला हरवलं, मंगोलियाला हरवलं, उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुरुषांचा तसाच संघ मात्र घरीच राहिला. तोच पुरुष संघ, ज्याने 2014 मध्ये वुहानला चीनला चीनच्या अंगणात 65-58 ने हरवलं होतं. आपल्या खात्यात कुणाला हा आकडा पाठ आहे का? क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर एव्हाना त्यावर टपाल तिकीट निघालं असतं. 2025 च्या आशिया चषकात जेद्दाला याच संघाने जॉर्डनला जादा वेळेपर्यंत खेचलं. जॉर्डन म्हणजे 2023 चा विश्वचषक खेळलेला संघ. हरलो, खरं आहे. पण असे सामने हरत हरतच शहाणपण येतं, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले.

निकष म्हणजे निकष, असंही आपण म्हणाल. मग हांगझोऊच्या वेळी फुटबॉलला सूट कशी मिळाली? तेव्हा आपला फुटबॉल संघ आशियात अठरावा होता, मी वर्तमानपत्रात वाचलं ते. लोकांनी आरडाओरडा केला, प्रशिक्षकाने पंतप्रधानांना साकडं घातलं आणि नियम वाकला. वाकला ते बरंच झालं, माझं फुटबॉलशी वैर नाही. फक्त आमच्या खेळासाठी ओरडायला आमच्याकडे माणसं कमी आहेत. 12 खेळाडूंचा संघ, त्यांचे आईबाप आणि माझ्यासारख्या चार निवृत्त मास्तरणी, एवढाच आमचा मतदारसंघ.

मी 31 वर्षं पीटी शिकवली. पीटीचा तास म्हणजे गणिताचे सर मागतील तेव्हा द्यायचा तास. खेळाचं सामान मागितलं की शाळा म्हणायची अनुदान नाही, वरची कचेरी म्हणायची प्रस्ताव द्या, प्रस्ताव दिला की म्हणायचे मार्च संपला. माझ्या दोन्ही गुडघ्यांत आता पाणी होतं. डॉक्टर म्हणतात सिमेंटवर उड्या मारल्या ना आयुष्यभर. हो, मारल्या. लाकडी कोर्टावर मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा 43 वर्षांची होते, तोही रखवालदाराची नजर चुकवून, चप्पल हातात घेऊन. कसं वाटलं सांगू? सायीवर चालल्यासारखं.

मुंबईत 2019 च्या ऑक्टोबरात वरळीला एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, दोन सामने झाले. अमेरिकेचे संघ आले, झगमगाट झाला, लाकडी कोर्ट अंथरलं आणि उचललं. तिथून जवळच नागपाडा आहे, जिथल्या दाटीवाटीच्या मैदानाने भारताला कर्णधार अब्बास मुंतसीर दिला, 1970 चा अर्जुन पुरस्कार विजेता. ते कोर्ट उचलून तिकडे अंथरावं, असं कुणाच्या मनात का आलं नसेल? असो. परवानग्या लागत असतील.

आता मोठमोठ्या गोष्टी ऐकू येतात. 2030 चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला, 2036 च्या ऑलिम्पिकची इच्छा जाहीर. स्टेडियम बांधाल, शंका नाही. बांधकाम आपल्याला जमतं, त्यात सगळ्यांचं भलं असतं. पण खेळणार कोण? ज्याला ट्रॅम्पोलिन कशाशी खातात माहीत नाही, त्याने ट्रॅम्पोलिनचं बोगस प्रमाणपत्र लावून आमच्या राज्यात खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली सरकारी नोकरी घेतली, अशी प्रकरणं आपण वाचली असतीलच. आणि जिने पहाटे साडेपाचला खरा चेंडू आपटला ती प्लास्टर घालून खाटेवर. तिचे वडील रिक्षा चालवतात. ऑपरेशनचा खर्च दोन लाखांच्या घरात सांगितलाय आणि खेळताना पडली म्हणून विमा-बिमा काही नाही, मी विचारलं. वाढदिवसाच्या मांडवाचा खर्च त्याच्या दुप्पट तरी असेल. पावती बघितलेली नाही. कुणीच बघितली नसेल.

माझं मागणं थोडं आहे. आठाचा निकष लावायचाच तर चार वर्षं आधी सांगा, आणि त्या चार वर्षांत दोन्ही संघांना दर वर्षी निदान वीस आंतरराष्ट्रीय सामने खेळायला द्या. मग नाही आलो आठात तर मी स्वतः तुमच्या बाजूने पत्र लिहीन. काठमांडूला 2019 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पुरुष आणि महिला दोघांनीही सुवर्ण आणलं होतं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरवून किती दिवस काढायचे? आणि सरकारी पैशाने झालेलं कोर्ट मांडवासाठी फोडणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च वसूल होईल असा एक साधा कागद काढा. यातलं दुसरं काम जास्त अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सांगली जिल्हा

ता. क. कापलेली एक रिंग भंगारवाल्याकडून साडेतीनशे रुपयांना परत आणली. मुलींनी ती काल पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधली, टेपने मोजून, बरोबर 3.05 मीटरवर. टाकी सरकारी आहे. नोटीस आलीच तर ती माझ्या नावावर काढायला सांगा, मुलींच्या नको. त्यांची बारावी आहे.