एकेचाळीस चिठ्ठ्यांची पोच

अमळनेर

आदरणीय जिभाऊ,

सविनय नमस्कार.

समोरासमोर आभार मानले तर आपण ते कधीच मानू देत नाही. ‘चहा टाका, झाले आभार’ म्हणून विषय बदलता, हा गेल्या दोन वर्षांचा अनुभव आहे. म्हणून हे पत्र लिहिते आहे आणि ते मुद्दाम उघडे ठेवते आहे. चित्रपट सुचवणाऱ्या आपल्या चिठ्ठ्या माझ्या एकटीपुरत्या राहिल्या नाहीत. त्या शाळेच्या शिक्षक-खोलीत गेल्या, दोन गल्ल्या ओलांडून गेल्या, एक तर चोपड्यापर्यंत पोहोचली. ज्यांच्या हाती त्या पडल्या त्यांना त्या लिहिणारा माणूस ठाऊक असावा, असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात ओल्या जिन्यावरून माझा पाय घसरला, घोट्याचे हाड मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर चढले. मुलांना मराठी शिकवणारी बाई खाटेवर आडवी झाली आणि हातात मोबाईल आला. चित्रपटांची तिथे काही कमी नव्हती. एक सुरू करावा, वीस मिनिटे पाहावा, सोडावा, खाली सुचवलेला दुसरा उघडावा, तोही सोडावा, असे चालले होते. आठवडाभरात मी पंधरा चित्रपट सुरू केले असतील आणि एकही पुरा केला नव्हता. अशाच एका संध्याकाळी आपण चौकशीला आलात, दाराजवळच्या खुर्चीवर टोपी काढून बसलात आणि काय पाहिले असे विचारलेत. मी म्हटले, ‘ठीक होता, टाइमपास.’ त्यावर आपण जे म्हणालात ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले: ‘पिच्चर कसा शे हाई सांगू नका बाई, काय दखं ते सांगा.’ म्हणजे, चित्रपट कसा आहे ते नको, काय पाहिले ते सांगा.

मला काहीच सांगता आले नाही. ज्या बाईने वीस वर्षे मुलांना रसग्रहण शिकवले, तिला आदल्या रात्री पाहिलेल्या चित्रपटातला एक प्रसंग धड आठवेना.

दुसऱ्या दिवशी आपण तारखेच्या दिनदर्शिकेचे फाडलेले पान घेऊन आलात. त्याच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी होत्या. पहिलीत चित्रपटाचे नाव आणि साल, दुसरीत एक प्रश्न, तिसरीत ‘कोणाला दाखवू नये’. एका दिवशी एकच चिठ्ठी, आणि आदल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पुढची मिळणार नाही, अशी अट होती. बेचाळीस दिवसांच्या प्लास्टरमधला पहिला आठवडा वाया गेला होता, आणि पाय मोकळा झाल्यावरही आपण आठवडाभर येत राहिलात. मधला एक दिवस आपण पारोळ्याला लग्नाला गेला होतात. म्हणून चिठ्ठ्या एकेचाळीस.

पहिली ‘श्वास’ची होती, साल 2004. प्रश्न होता, ‘आजोबा कुठे कुठे गप्प बसतात?’ नातवाच्या डोळ्यांत कर्करोग आहे आणि त्याचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, एवढी कथा मला ऐकून ठाऊक होती, म्हणून तो चित्रपट मी इतकी वर्षे टाळला होता. त्या रात्री पाहिला. दुसऱ्या दिवशी आपण विचारलेत तेव्हा मी म्हटले की फार रडू आले. आपण म्हणालात, ‘रडू कांद्यानेही येते, बाई. आजोबा कुठे गप्प बसले?’ मग मी आठवू लागले. कोणालाही न सांगता आजोबा नातवाला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात, त्या दिवशी त्यांना मुलाला समजावून काहीच सांगायचे नसते, फक्त दाखवायचे असते, हे बोलता बोलता माझ्या लक्षात आले. ते मला चित्रपट पाहताना समजले नव्हते, आपल्यापुढे बोलताना समजले. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीला मिळाले ते या चित्रपटामुळे, हे आपण सांगितलेत, पण जाताना, उंबऱ्यात उभे राहून. पुरस्काराचे नाव आधी घेतले की माणूस चित्रपट पाहत नाही, पुरस्कार पाहतो, हे आपले म्हणणे मी आता वर्गातही वापरते.

आपण एका टॉकीजमध्ये तीस वर्षे प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होता, हे मला शेजारी असूनही पुरते ठाऊक नव्हते. ती टॉकीज बंद झाली तेव्हा मी शाळेत नुकतीच रुजू झाले होते. भुसावळ हे सी. पी.-बेरार, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाड भागातल्या चित्रपट वितरणाचे मोठे केंद्र, तिथून प्रिंटच्या पेट्या रेल्वेने यायच्या आणि गाडीला उशीर झाला की पब्लिक गेटवर दंगा करायचे, ही हकिगत आपण इतक्या बारकाईने सांगितलीत की पायाची ठणक विसरायला झाली. दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटे चालते. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि पुढच्या ठिपक्याला चित्र तिकडे बदलायचे. मध्येच यंत्राच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड होतात, त्या सरकवत राहायच्या. यंत्राच्या आवाजात संवाद नीट ऐकू येत नसत, म्हणून आपण चित्र पाहायला शिकलात. आणि तोच चित्रपट महिनाभर पाहून कंटाळा आला की केबिनच्या चौकोनी खिडकीतून खालचे प्रेक्षक पाहायला लागलात. कोणत्या प्रसंगाला खुर्च्या वाजतात, कुठे बाया पदर डोळ्यांना लावतात, कुठे माणसे विडीसाठी बाहेर पडतात, हे आपण पाहिलेत. आपल्या प्रश्नांचे मूळ तिथे आहे, असे मला वाटते.

‘कोर्ट’ने मात्र आपली आणि माझी परीक्षा घेतली. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट 2014 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारातही पहिला आला. पण आमच्या घरी तो तीन वेळा बंद पडला, कारण मला तीनही वेळा झोप लागली. एका वृद्ध शाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, आणि खटला तारखांवर तारखा घेत चालतो. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि हलत नाही. मी चिडून म्हटले की हे पाहायचे तरी कसे. आपण प्रश्न बदललात. ‘सरकारी वकीलबाई कोर्टातून सुटल्यावर काय करतात, तेवढेच पाहा.’

मी तेवढेच पाहायला बसले आणि चित्रपट संपेपर्यंत उठले नाही. त्या लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. माझीच संध्याकाळ. दिवसा एका म्हाताऱ्या माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी शांतपणे कलमे वाचणारी बाई घरी माझ्यासारखीच पोळ्या करते, हे पाहिल्यावर तिचा राग करता येईना आणि तिला सोडूनही देता येईना. दिग्दर्शकाने मला कुठेही काही सांगितले नव्हते. कॅमेरा एका जागी का उभा आहे, तेही मग उमगले: कोणाकडे पाहायचे हे मीच ठरवायचे होते. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारात राहतो. ‘आमच्या टॉकीजला असते तर इथे अर्धे पब्लिक उठून सायकली काढायला गेले असते,’ असे आपण म्हणालात. त्या अंधारानंतर काय आहे ते इथे लिहीत नाही, कारण शेवट फोडणाऱ्याला आपल्या ओट्यावर चहा मिळत नाही.

‘उंबरठा’ सासूबाईंनीही माझ्याबरोबर पाहिला. स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे, म्हणजे आपल्या खानदेशचे, एवढ्या भांडवलावर आपण सासूबाईंना खुर्चीवर बसवलेत. चित्रपटातली सुलभा लहान मुलीला जावेजवळ ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, तिथून आमच्या घरात जो वाद पेटला तो जेवणापर्यंत चालला. सासूबाईंनी सुलभाला दोष दिला, मग नवऱ्याला दिला, आणि रात्री झोपताना मला म्हणाल्या की तू नोकरी धरलीस तेव्हा मीही असेच बोलले होते. चित्रपट 1982 चा, माझी नोकरी बरीच पुढची. एवढेच सांगते, घरातली बाकीची गोष्ट घरातच राहू दे.

आता ज्या चुकीबद्दल आभारांबरोबर क्षमाही मागायची आहे, ती लिहिते. ‘गाभ्रीचा पाऊस’ची चिठ्ठी आपण दिलीत तेव्हा मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि तिसरी सोडली. विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी, तो जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने त्याच्या मागावर लहान मुलाला ठेवणारी बायको, आणि तरीही मधूनमधून हसू आणणारी मांडणी. मी भारावून गेले. इतका कपाशीचा चित्रपट कपाशीच्या मुलखात सगळ्यांनी पाहायला हवा, या उत्साहात मी घरी मदतीला येणाऱ्या ताईंना दुपारी बसवून तो लावला. त्यांच्या थोरल्या भावाने आदल्या वर्षी शेतातच जीवन संपवले होते. हे मला ठाऊक होते, जिभाऊ. ठाऊक असून सुचले नाही. अर्ध्या तासाने त्या काही न बोलता उठल्या, भांडी घासली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

मी आपल्याला सांगितले तेव्हा आपण रागावला नाहीत. चिठ्ठी मागितलीत आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलेत: ‘ज्या घरात असे घडले आहे, तिथे नाही.’ मग त्या रविवारी आपण स्वतः ताईंच्या घरी गेलात, त्यांच्या मुलांबरोबर बसलात आणि ‘वळू’ लावलात. मोकाट सुटलेल्या डुरक्या नावाच्या वळूला पकडायला वनअधिकारी येतो आणि बैलाआधी सगळे गावच त्याच्या अंगावर येते, तेव्हा ताई इतक्या हसल्या की शेजारीण पाहायला आली, असे मला त्यांच्या मुलाने सांगितले. सोमवारी त्या कामावर आल्या. चित्रपट चांगला आहे की वाईट, एवढाच विचार करून मी तो सुचवत होते; आपण आधी समोरच्या माणसाकडे पाहत होता. त्या दिवसापासून मी चिठ्ठी खालून वर वाचते.

सगळीकडे आपले पटले असे नाही, आणि आभारपत्रात खोटे लिहू नये. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते त्या गावात राहून मी अत्र्यांच्या 1953 च्या ‘श्यामची आई’ला कमी लेखते, याचे आपल्याला वाईट वाटले. माझे म्हणणे अजूनही तेच आहे: सुजय डहाके यांचा 2023 चा कृष्णधवल ‘श्यामची आई’ मला अधिक जवळचा वाटला. आपण म्हणता की जुना चित्रपट टॉकीजमध्ये हजार माणसांत पाहायचा असतो, खाटेवर एकटीने नव्हे. कदाचित. तो वाद पुढच्या भरताच्या बेतापर्यंत राखून ठेवू. वांगी आपण आणा, कळण्याच्या भाकरी माझ्याकडे.

मालेगावच्या चिठ्ठीबद्दल मात्र पूर्ण शरणागती. आधी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा 2008 चा माहितीपट, मगच 2025 चा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’, हा क्रम आपण लावून दिला नसता तर मी उलटे केले असते. यंत्रमागाच्या गावात सायकलवर कॅमेरा धरून आणि बैलगाडीची क्रेन करून चित्रपट काढणारी ती माणसे खरी पाहून झाल्यावरच नट त्यांची भूमिका कशी करतात हे तोलता येते. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर हे सगळे घडत होते आणि मी कधी मालेगावच्या बसस्थानकाबाहेर पडले नव्हते.

गेल्या महिन्यात आपल्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस पडदा पाहायचा नाही ही डॉक्टरांची सूचना आपण पाळलीत की नाही, हे काकूंना विचारून मी खात्री केली आहे. आता मुदत संपली असून रंग पुन्हा स्वच्छ दिसू लागले आहेत, असे त्या म्हणाल्या. म्हणून राहिलेली बेचाळिसावी चिठ्ठी मी लिहिते आहे. दिनदर्शिकेच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर लिहून ती या पत्रासोबत जोडली आहे, आणि उत्तर घ्यायला मी रविवारी संध्याकाळी येईन.

किल्ला, 2015, दिग्दर्शन आणि छायाचित्रण अविनाश अरुण.
कोकणातला पाऊस आईच्या बाजूने आहे की मुलाच्या?
कोणाला दाखवू नये: ज्याची नुकतीच बदली झाली आहे त्याला. म्हणजे समोरच्या बँकेतल्या साहेबांना यंदा नको.

आपली नम्र,
शेजारच्या बाई